घोंगडीची घार

"अगं बया, साखरीच्या अंगात आलं गं! धावा!"

फुलाबाईची ही आरोळी बाभूळवस्तीवर अजून कुणी विसरलेलं नाही. भर दुपारची वेळ होती. फुलाबाई कुंपणापलीकडून सहज डोकावली, तर शेजारची साखरबाई डोक्यावरून काळी घोंगडी घेऊन, दोन्ही हात पसरून अंगणभर गरगर फिरत होती. पदर खोचलेला, केस सुटलेले आणि तोंडातून चकार शब्द नाही. हाकेसरशी चार बायका धावत आल्या. एकीनं हळदीकुंकवाचा करंडाच आणला. आता आलंच आहे अंगात, तर दोन प्रश्न विचारून घ्यावेत, असा तिचा हिशेब.

"कंचं दैवत म्हनायचं, माये?" तिनं हात जोडून विचारलं.

साखरबाई थांबली. तिनं घोंगडी मागं टाकली, कपाळावरचा घाम पुसला.

"दैवत न्हाय. घार."

"काय?"

"घार हाय मी. व्हा बाजूला, माझी पिल्लं बुजत्यात."

फुलाबाई म्हणाली, "दैवत परवडलं असतं बया. ह्ये काय नवीनच!"

नवीन होतंच. पण ते समजायला साखरबाईच्या कोंबड्यांची हकीकत आधीपासून सांगायला हवी.

बाभूळवस्ती आहे इंदापूर आणि बारामतीच्या मधे, कालव्याच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला पाणी, ऊस, भाजीचे मळे. वरच्या अंगाला बाजरी आणि बाभळी. साखरबाईच्या नवऱ्याची, कुंडलिकची, जमीन बहुतेक वरच्या अंगाला. खाली एवढासा तुकडा. त्या तुकड्यातली वांगी-गवारी पाटीत घालून साखरबाई बाजाराला निघायची आणि वाटेत कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यावर थोडी देऊन पुढं जायची. तेहतीस सालच्या सुमाराची ही गोष्ट. तिथं बागेचं काम बघणारा दत्तोबा माळी होता, आणि जाळीच्या पिंजऱ्यात पांढऱ्याशुभ्र कोंबड्या होत्या.

"दत्तोबा, ह्या कोंबड्या हायत का बगळे?"

"लेगार्न म्हंत्यात. विलायती हायत. रोज अंडं घालत्यात."

"रोज? मंग रवनीला कवा बसत्यात? पिल्लं कवा काढत्यात?"

"काढतच न्हायत. अंडं घालायचं आन चालू लागायचं. उबवायचं त्यास्नी ठावंच न्हाय."

"म्हंजी बाळंतपन करायचं, पन पोर मातूर दुसरीनं वाढवायचं."

दत्तोबा इतका हसला, की पुढं साहेब बदलीवर निघाला आणि कोंबड्यांची वाटावाट झाली, तेव्हा त्यानं घरट्यातली अंडी गवतात गुंडाळून साखरबाईच्या पाटीत ठेवली. "घे. हितं नायतरी खानसामा तळून खाईल."

साखरबाईनं ती आपल्या कवडी नावाच्या गावठी कोंबडीखाली ठेवली. कवडी अंगानं बुटकी, अंडी घालायला कंजूष. पण एकदा रवणीला बसली की अंगावर हत्ती आला तरी उठायची नाही. तिनं बगळ्यांची पिल्लं आपलीच समजून काढली.

आणि मग बाभूळवस्तीवरच्या घारींची दिवाळी सुरू झाली.

पांढरी पिल्लं काळ्या मातीत लांबून दिसायची. घार आली तरी पळायची नाहीत, मान वर करून बघत बसायची. संध्याकाळी बाभळीवर चढायची नाहीत. साखरबाईची सासू दगडाबाई दारात मिश्री लावत बसलेली असायची. ती रोज खबर द्यायची.

"साखरे, तुझी एक मडम गेली गं उकिरड्यावरनं!"

"आत्याबाई, तुमी हुसकायचं न्हाय का?"

"मडमीला म्या काय भाषेत सांगू, पळ म्हनून?"

दगडाबाईची जीभ अशीच होती. चांगलं म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सुनेनं भाकरी चांगली केली, तर ती म्हणायची, "आज करपली न्हाय."

मडमांपैकी एक कोंबडा कसाबसा जगला. त्याची आणि कवडीच्या लेकींची पिल्लं निघाली तीही बापावरच गेली. पांढरीच, कुठं पंखावर एखादा काळा ठिपका. पण त्यांत घार दिसली की पळणारी थोडी होती. त्यातल्या एका तलंगीनं पहिलं अंडं घातलं, ते चांगलं टप्पोरं. आजवर घरातलं अंडं बाजारात जायचं, नाहीतर कुंडलिकच्या ताटात. साखरबाईनं ते उकडलं, सोललं आणि अख्खं दगडाबाईच्या ताटात वाढलं.

दगडाबाईनं ते सावकाश खाल्लं. बोटं चाटली. "मीठ कमी पडलं," म्हणाली आणि उठली.

साखरबाईला आता आपल्याला काय हवंय ते नेमकं कळलं. अंडं मडमेचं हवं आणि अक्कल कवडीची. म्हणून तिनं त्यांतला एक ठिपकेवाला कोंबडा पुन्हा गावठी कोंबड्यांत सोडला. या खेपेला पिल्लं निम्मी पांढरी, निम्मी रंगीत निघाली: करडी, तांबूस, बांडी. त्यांतली कोणती ठेवायची आणि कोणती बाजाराला न्यायची, हे ठरवायला तिनं घोंगडी घेतली. आधी अंगणात बाजरीची कणी टाकायची, पिल्लं जमली की कोपऱ्यातून हात पसरून यायचं. सावली अंगावर पडताच जे कुंपणाच्या काटेरी जाळीत घुसेल ते ठेवायचं. जे चोच वर करून बघत राहील त्याचा पाय धरून पाटीत.

त्या दुपारी बायका बाजूला झाल्यावर साखरबाईनं पुन्हा झेप घेतली. सगळ्यांत आधी एक काळं-पांढरं बांडं पिल्लू जाळीत शिरलं. नुसतं शिरलं नाही, आतून 'क्यँऽऽक' करून बाकीच्यांना बोलावलं.

"ह्यो बघा!" साखरबाई टाळी वाजवून ओरडली. "ह्यो राहनार!"

तोच बांड्या.

आता वस्तीची एक रीत सांगायला हवी. बांधावर म्हसोबाचा दगड आहे. चैत्रात त्याची जत्रा भरते आणि घरटी एक कोंबडा देवाला कापतात. तो थोर हवा, देखणा हवा, अंगावर कसली खोड नको. म्हणजे दरवर्षी चैत्रात वस्तीतले सगळे नामी कोंबडे एकाच दिवशी संपायचे. मागं उरायचे ते लंगडे, तुटक्या तुऱ्याचे, मरतुकडे. आणि पुढच्या सालची पिल्लं त्यांचीच.

साखरबाईनं एकदा चुलीपुढं हे बोलून दाखवलं. "चांगला त्यो देवाला, आन कोंबड्यांच्या वाट्याला उरलासुरला. मंग पिल्लं कशी हुतील?"

"मग काय देवाला उरलासुरला द्यायचा?" दगडाबाई खेकसली. "तोंड सांभाळ. म्हसोबा हितनं हाकेवर हाय."

साखरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. पण बांड्यावर तिचा जीव होता, आणि ही गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती.

श्रावणात हरण्या बैलाचं पोट फुगलं. तो आडवा पडला, डोळे फिरवले. कुंडलिकनं तेल पाजलं, पोट चोळलं. म्हसोबाचा भगत सोनबा अंगारा घेऊन आला. शेवटी कुंडलिक बांधाकडं तोंड करून मोठ्यानं ओरडला, "म्हसोबा, माझा हरण्या उठला तर चैतात घरातला समद्यात थोर कोंबडा तुला कापीन!"

थोड्या वेळानं हरण्यानं पोट असं काही मोकळं केलं, की सोनबा चार पावलं मागं सरकला. बैल उठला, वैरणीला लागला.

साखरबाईनंही देवाला हात जोडले. बांड्या तेव्हा मुठीत मावत होता. घरात थोर कोंबडा म्हणजे तांबड्या. तांबड्याचं तिला काही नव्हतं.

पण पिल्लू कुणासाठी थांबत नाही. होळीपर्यंत बांड्या तांबड्याच्या डोक्यावरून बघायला लागला. तुरा जास्वंदीसारखा, पाय पिवळेजर्द, छाती अशी की उंबऱ्यातून आडवा यावा. रात्री बाभळीच्या शेंड्यावर झोपायचा. मुंगूस दिसलं की त्याच्या ओरडण्यानं अख्ख्या वस्तीच्या कोंबड्या झाडावर चढायच्या. सोनबा येता-जाता त्याच्याकडं बघायचा आणि मान डोलवायचा.

"कुंडलिकराव, म्हसोबाची चैन हाय औंदा."

"तात्या, नवस बोललो तवा तांबड्या थोर हुता," कुंडलिक चाचरत म्हणाला.

"आन द्यायचा कवा हाय? चैतात. चैतात कोन थोर हाय?"

कुंडलिकनं घरी येऊन बायकोच्या तोंडाकडं न बघता पागोटं खुंटीला लावलं. तिला कळलं.

"अवो, त्याची अजून एक रवनबी निघाली न्हाय. त्यो गेला तर समदं पुन्हा मडमीपास्नं. आन आता बंगल्यावर मडमबी न्हाय!"

"मग काय करू? हरण्या उठला न्हाय का? देवाचा शबुद फिरवू?"

"म्या कुठं फिरवा म्हंते?"

"मग काय म्हंतीस?"

बैल उठला म्हणून ती देवाची ऋणी होतीच. हरण्या नसता तर पेरणी झाली नसती. पण देवानं नेमका तोच मागावा?

जत्रेच्या आदल्या दिवशी, कुंडलिक रानात असताना, तिनं बांड्याला धरून मांडीत घेतलं आणि विळा उचलला. तुऱ्याचं एवढंसं टोक उडवलं की झालं. खोड असलेला कोंबडा देवाला चालत नाही.

"काय चाललंय?"

दारात दगडाबाई.

साखरबाईच्या हातातला विळा तसाच राहिला. "काय न्हाय, आत्याबाई. तुरा... तुरा लई वाढलाय."

"तुरा वाढला म्हनून विळा? केस वाढलं तर मान उडवशील? साखरे, देवाला फसवतीस?"

"देवाला न्हाय," साखरबाईला रडू फुटलं. "सोनबाला."

दगडाबाईनं विळा काढून घेतला. बांड्याला हातात घेऊन त्याची छाती चाचपली, पंख पसरून पाहिले, तुरा दोन बोटांत धरून पाहिला. पिकल्या फळाला हात लावावा तसा. मग त्याला डालग्याखाली झाकला आणि वर दगड ठेवला.

"उद्या ह्येला मी नेनार. तू हात लावायचा न्हाय."

सकाळी ती खरंच डोक्यावर बांड्याचं डालगं घेऊन निघाली. काखेत तांबड्या. मागं कुंडलिक, त्याच्या मागं साखरबाई. फुलाबाईनं वाटेत तिचा दंड धरला, नेहमीचा टोमणा मारायलाही ती विसरली.

बांधावर गर्दी होती. सोनबा सुरी परजत बसला होता.

"या दगडाकाकू. आना हिकडं."

दगडाबाईनं डालगं उतरवलं, पण उघडलं नाही. त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"सोनबा, गावाचा पोळ कुठं हाय रं?"

"पोळ? असंल वड्याला. त्येचं काय आता?"

"त्यो देवाच्या नावानं सोडला, तवा मी नवी नवरी हुते. सगळ्यात देखनं खोंड हुतं पाटलाचं. पाटलानं नवस बोलला, देवाला दिला. दिला तवा त्येची मान कापली का?"

"न्हाय. सोडला. पन ह्या पोळाच्या आधीचा त्यो..."

"आधीचा काय, आताचा काय! कुनाच्याबी रानात जातो, कुनी काठी उगारत न्हाय. देवाचा हाय म्हनून. आन त्येच्या आधी वस्तीची वासरं कशी हुती? शेळ्यांवानी. आता हरण्याचा कणा बघ! कुनाचा वंस हाय त्यो?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारी खरं बोलती."

सोनबानं सुरी खाली ठेवली. "काकू, बैलाचं येगळं. कोंबडा सोडल्याचं म्या ऐकलं न्हाय."

"मग आज ऐक. कोंबड्यानं देवाचं काय घोडं मारलंय? समद्यात थोर देतो म्हनला माझा ल्योक, त्यो हा घे. देवाचा झाला. कापून देवाच्या एका जेवनाचा. सोडला तर देव रोज बघंल त्येला."

"आन निवद?"

"तांबड्या आनलाय न्हवं! तुझं ताट काय चुकत न्हाय, भिऊ नगं."

गर्दी हसली. सोनबाही हसला, पण देवाचा मामला होता. "कौल लावतो," म्हणाला. म्हसोबाच्या दगडाला त्यानं पाण्यात बुडवून दोन फुलं चिकटवली, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवं आधी पडलं तर सोडायचा. डावं पडलं तर सुरी.

"थांब," दगडाबाई म्हणाली आणि सुनेकडं वळली. "साखरे, पुढं ये. सोडला म्हंजी सोडला. मग त्यो तुझा न्हाय. कुनाच्याबी अंगनात जाईल, कुनाच्याबी कोंबड्यांत राहील. फुलीच्या कोंबड्यांची पिल्लं तुझ्यापेक्षा चांगली निघाली, तर जळायचं न्हाय. हाय कबूल?"

साखरबाईनं इतकी वर्षं खपून, घार होऊन, मुंगसामागं धावून एक बांड्या मिळवला होता. सगळी वस्ती आपल्या दारी अंडी मागायला येईल, असं चित्र तिनं मनात शंभरदा रंगवलं होतं. ते चित्र तिनं तिथंच, त्या बांधावर, टाकून दिलं.

"कबूल, आत्याबाई. देवाचा त्यो."

फुलं हलेनात. तेवढ्यात डालग्याखाली कोंडून वैतागलेल्या बांड्यानं अंगातला सगळा जोर लावला. डालगं कलंडलं, तो बाहेर आला, म्हसोबाच्या शेजारी उभा राहून त्यानं पंख फडफडवले आणि मान ताणून आरवला. उजवं फूल टपकन खाली पडलं.

"कोंबड्यानंच पाडलं की!" फुलाबाई म्हणाली.

"देवाम्होरं झालं न्हवं?" सोनबानं कुंकवाची तबकडी ओढली. "मग झालं."

त्यानं बांड्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पायात तांबडा दोरा बांधला आणि त्याला सोडलं. बांड्या सरळ सोनबाच्याच उकिरड्याकडं चालू लागला.

घरी येताना साखरबाईनं सासूला विचारलं, "तुमच्या मनात हुतं, तर काल का न्हाय सांगितलं? रातभर डोळा लागला न्हाय माझा."

"सांगितलं असतं तर आंगनातच कबूल म्हनली असतीस. सोपं असतं ते." जरा पुढं गेल्यावर दगडाबाई थांबली, पाय झाडल्यासारखं करून म्हणाली, "ह्या घरात मी आले तवापास्नं अंडी वाढली, पन माझ्या ताटात अख्खं अंडं त्या दिवशी आलं. म्या इसरले न्हाय."

"मीठ कमी हुतं म्हनला हुता की."

"मग हुतंच कमी."

बांड्यानं पुढं वस्तीत काय केलं ते आज तिथल्या अंगणांत दिसतं. सकाळी फुलाबाईच्या दारी, दुपारी सोनबाच्या, पावसाळ्यात पार कालव्याच्या कडेच्या वस्त्यांवर. तांबडा दोरा बघून कुणी त्याला हुसकायचं नाही. उलट मूठभर बाजरी टाकायचे. साखरबाई हळदीकुंकवाला जाईल तिथं घोंगडीची घार करून दाखवायची. लवकरच वस्तीवस्तीवर दुपारी बायका घारी व्हायला लागल्या, आणि त्यांना कुणी दैवत विचारेना.

दोन पावसाळे गेले. कुंडलिकनं इंदापूरच्या बाजारातून स्वस्त मिळाली म्हणून एक कोंबडी आणली आणि तिच्याबरोबर कोंबड्यांची मानमोडीची साथ आली. साखरबाईचं खुराडं धुऊन गेलं. कवडी गेली, तलंगी गेल्या. त्या दिवसांत बांड्याही गेला. सोनबानं त्याला म्हसोबाच्या लिंबाखाली पुरला, दोऱ्यासकट. साखरबाई रिकाम्या खुराड्यापुढं बसून राहायची. कुंडलिक समोर यायला धजायचा नाही.

रोग ओसरल्यावर एका सकाळी फुलाबाई डालगं घेऊन आली. आत बांडी तलंग आणि एक तरणा कोंबडा.

"घे. माझ्या भावाकडची हायत, कालव्याकडच्या वस्तीवरची. तिकडं रोग गेला न्हाय. बांड्याचीच हायत."

"फुले, तू पैसं..."

"गप्प बस. बांड्या तुझ्या घरी राहिला असता, तर आज कुनाकडं असतं हे?"

दुपारपर्यंत सोनबाची बायको आली. मग आणखी एक, आणखी एक. कुणी रवणीची अंडी आणली, कुणी पिल्लांसकट कोंबडी. साखरबाई प्रत्येकीच्या पाया पडायला लागली, तेव्हा दगडाबाई आतून ओरडली, "पाया काय पडतीस पोरीबाळींच्या? चहाला आधन ठिव!"

दगडाबाई आता थकली आहे. डोळ्यांना कमी दिसतं. बाजेवर अंगणात बसून असते. परवा साखरबाईनं नव्या पिल्लांपुढं कणी टाकली आणि घोंगडी घ्यायला वळली, तर ती जागेवर नव्हती.

"आत्याबाई, घोंगडी कुठं?"

"हितं हाय. औंदा घार मी हुनार."

बाजेवर बसल्या बसल्या म्हातारीनं घोंगडी डोक्यावर घेतली, हात जेवढे पसरतील तेवढे पसरले. पिल्लांची पांगापांग झाली. जवळ ना जाळी होती ना कुंपण. ती सगळी थेट तिच्याच बाजेखाली घुसली.

"कुठं गेली गं? दिसत न्हायत."

"तुमच्याच खाली हायत."

दगडाबाईनं घोंगडी मागं सारली आणि कान देऊन खालची चिवचिव ऐकली.

"आज बरी पळाली," ती म्हणाली.